एका खोडावर दोन कुळे

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, सरकारी विश्रामगृहाच्या कुंपणावर, जुन्या बंगल्याच्या फाटकावर किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात, बोगनवेलीची एक जात अशी दृष्टीस पडते की, माळ्याने एकाच खड्ड्यात दोन निरनिराळ्या वेली लावल्या असाव्यात असा नवख्या माणसाचा सहज समज व्हावा. एका फांदीवर शुभ्र झुपके, तिच्या शेजारच्या फांदीवर गडद किरमिजी, आणि तिसऱ्या एखाद्या फांदीवर तर एकाच झुपक्यातील तीन पाकळ्यांपैकी एक पांढरी, एक किरमिजी आणि एक मधल्या शिरेच्या अलीकडे पांढरी व पलीकडे किरमिजी, असा सगळा बेशिस्त पण मोहक प्रकार असतो. पाकळ्या हा शब्द मी लोकरूढीने वापरला. वस्तुतः ती फुलाभोवतीची रंग चढलेली पाने होत, आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली ती बारीक, फिकट नळी, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. रोपवाटिकांतून या जातीला ‘मेरी पामर’ म्हणतात. हिचेच, पानांवर पिवळट पांढरे पट्टे असलेले भावंड ‘थिम्मा’ या नावाने विकले जाते, आणि हिच्यावर निघालेल्या निव्वळ पांढऱ्या फांदीची कलमे होऊन ‘शुभ्रा’ ही जात प्रचारात आली. यांचा जन्म बीजातून झालेला नाही. वेलीवरचा एखादा डोळा आपल्या जातीचा रिवाज सोडून भलताच फुटतो, जाणता माळी ती फांदी हेरतो, तिचे कलम बांधतो, आणि बागायतीच्या दप्तरात एका नव्या नावाची नोंद होते.

एक जीव म्हणजे एका बीजापासून वाढलेला, एकाच वारशाचा पेशीसमूह, अशी आपली रूढ कल्पना असते, आणि माणसाला किंवा गाईबैलांना ती बहुतेक लागूही पडते. बागेतील कितीतरी शोभेच्या झाडांना मात्र ती लावता येत नाही. त्यांच्या अंगात दोन निरनिराळ्या वारशांची पेशीकुळे एकमेकांना खेटून, प्रत्येक आपापल्या हद्दीत, वर्षानुवर्षे नांदत असतात. त्यांचा संकर होत नाही, त्यांचे रक्त, हा शब्द वनस्पतींच्या बाबतीत चालत असेल तर, मिसळत नाही, आणि ज्या रंगवैचित्र्यासाठी आपण त्या झाडाला दामदुप्पट किंमत मोजतो ते त्यांच्यामधील सरहद्दीचे दृश्य रूप असते. अशा झाडाला वनस्पतिशास्त्रात ‘कायमेरा’ म्हणतात. ग्रीक पुराणातील, सिंहाचे मुख, बकरीचे धड आणि सर्पाचे पुच्छ असलेल्या राक्षसीचे हे नाव हान्स विंक्लर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली वनस्पतींना दिले. (याच गृहस्थाने पुढे १९२० मध्ये ‘जीनोम’ हा शब्द बनवला; नामकरणाच्या बाबतीत त्याचा हात चांगला होता असे म्हटले पाहिजे.)

या प्रकरणाची कैफियत मात्र विंक्लरच्या बरीच आधी, १६४४ च्या सुमारास, इटलीतील फ्लॉरेन्स नगराजवळच्या एका बागेत सुरू होते. तेथे एका झाडाला अशी फळे लागली की त्यांचा काही भाग नारिंगाचा आणि काही भाग महाळुंगाचा होता: एकाच फळावर नारिंगाच्या गुळगुळीत तांबूस सालीचे पट्टे आणि त्यांच्यामधून महाळुंगाची जाड, खडबडीत, पिवळी साल. महाळुंग आपल्याला अपरिचित नाही. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे ते हेच. पिएत्रो नाती याने १६७४ मध्ये या झाडावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि ‘बिझारिया’ या नावाने ते झाड युरोपातील राजेरजवाड्यांच्या बागांतून मिरवू लागले. नारिंगाच्या खुंटावर महाळुंगाचे कलम बांधले असता ते कलम मेले, आणि खुंट व कलम यांच्या सांध्यावर जी गाठ उरली होती तिच्यातून हा विलक्षण फुटवा निघाला, असा त्याचा उगम सांगितला जातो. कलमे करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की, खुंटाच्या आणि कलमाच्या जखमा भरून येताना दोहोंच्या पेशी त्या सांध्यावर एकत्र दाटतात. त्या दाटीतून नवा डोळा फुटला आणि त्याच्या घडणीत दोन्हीकडच्या पेशी सापडल्या, तर त्या डोळ्याचा कोंब दोन कुळांचा होणार. पुढे हे झाड नष्ट झाले असे सर्वांनी धरून चालले होते. १९८० मध्ये ते इटलीत पुन्हा सापडले आणि आता तेथील जुन्या लिंबूवर्गीय संग्रहांत त्याचे जतन होते.

दुसरा प्रसिद्ध दाखला १८२५ चा. पॅरिसजवळच्या व्हित्री येथे जाँ लुई आदाम नावाच्या रोपवाटिकाधारकाने लॅबर्नम या झाडाच्या खुंटावर जांभळ्या फुलांच्या ब्रूम या झुडपाचे डोळे भरले. त्यांतल्या एका डोळ्यातून जे झाड वाढले त्यावर तीन तऱ्हेची फुले येऊ लागली: लॅबर्नमचे लोंबते पिवळे घोस, ब्रूमची बुटकी जांभळी फुले, आणि बहुतांश फांद्यांवर या दोहोंच्या मधल्या, मळकट गुलाबी रंगाची फुले. हे झाड आजही युरोपातील उद्यानांत आहे आणि आजही त्याचा तोच क्रम चालू आहे. चार्ल्स डार्विनला या झाडाने फार काळ घोर लावला होता. पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांच्यातील फेरबदलांवर त्याने १८६८ मध्ये जो द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात आदामच्या झाडाचा आणि बिझारियाचा सविस्तर परामर्श आहे. नर व मादी यांच्या संयोगावाचून, नुसत्या कलमानेच दोन जातींचा संकर होऊ शकतो, असा निष्कर्ष त्याला या दाखल्यांवरून काढावासा वाटला. त्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर तो निष्कर्ष अगदीच गैरवाजवी नव्हता. पेशींची रचना पाहण्याची साधने पुरेशी विकसित झाली नव्हती, आणि आनुवंशिकतेचे नियम मेंडेलने नुकतेच प्रसिद्ध केले असले तरी ते फारसे कोणी वाचले नव्हते.

विंक्लरने हे कोडे सोडवले ते बुद्ध्या कलमे मारून. टोमॅटो आणि कामोणी ही एकाच कुळातील दोन झाडे त्याने परस्परांवर बांधली, सांधा जुळून आल्यावर नेमका त्या सांध्यावरच आडवा काप दिला, आणि जखमेतून निघणारे फुटवे तपासत बसला. बहुसंख्य फुटवे निव्वळ टोमॅटोचे किंवा निव्वळ कामोणीचे निघाले. अखेर एक कोंब असा आला की त्याची एक बाजू टोमॅटोची होती आणि दुसरी कामोणीची. सरहद्दीवर उगवलेल्या पानाचा अर्धा भाग एका जातीचा व अर्धा दुसऱ्या जातीचा. संकर असता तर प्रत्येक पेशीत दोहोंचे गुण मिसळले असते. येथे प्रत्येक पेशी निखालस एका बाजूची होती.

हा कोंब सरळ उभा चिरल्यासारखा दोन भागांत विभागलेला होता. आदामचे झाड, बिझारिया आणि आपल्या बागांतील बहुतेक रंगीबेरंगी झाडे यांच्यात विभागणी अशी उभी नसते. ती थराथरांची असते, आणि ही गोष्ट एर्विन बाउर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये पांढऱ्या कडेच्या जिरेनियमवरून ओळखली. वनस्पतीच्या प्रत्येक शेंड्याच्या टोकाशी, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका घुमटीत, सतत विभागणाऱ्या पेशींचा साठा असतो. पाने, खोड, फुले, सारे काही त्या साठ्यातून निघते. द्विदल वनस्पतींत या घुमटीचे सामान्यतः तीन पदर असतात, एकावर एक चढवलेल्या तीन अंगरख्यांसारखे, आणि त्यांतल्या बाहेरच्या दोन पदरांतील पेशी विभागताना मधली भिंत पृष्ठभागाला लंब अशी घालतात. त्यामुळे पदर रुंदावतो, पण एका पदरातील पेशी दुसऱ्यात जात नाही. पहिल्या पदरापासून सबंध झाडाची त्वचा होते. दुसऱ्यापासून त्वचेखालचा गाभा, पानाची कड, आणि परागकण व बीजांडे. तिसऱ्यापासून आतील सगळा ऐवज, पानाच्या मधला भाग व शिरा यांसह. १९४० मध्ये साटिना, ब्लेकस्ली व एव्हरी या अमेरिकन संशोधकांनी धोतऱ्याच्या झाडावर हे पदर इतक्या स्पष्टपणे दाखवून दिले की त्यानंतर शंकेला फारशी जागा राहिली नाही. त्यांनी कोल्चिसीन हे विष वापरून धोतऱ्याच्या शेंड्यातील एकेका पदरातील गुणसूत्रे दुप्पट केली; अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आकाराने मोठ्या दिसतात, तेव्हा कोणता पदर झाडात कोठवर पोचला याचा नकाशा त्यांना काढता आला. सह्याद्रीत पावसाळ्यात जी कळलावी अंगभर ज्वाळा घेऊन फुलते तिच्या कंदातही हेच विष असते.

आता समजा, दुसऱ्या पदरातील एखाद्या पेशीत फेरबदल होऊन ती हरितद्रव्य बनवण्याची विद्या विसरली. तिच्या लेकी, नाती व पणत्या विभागत विभागत त्या पदराचा ताबा घेतील, आणि काही काळाने शेंड्याचा पहिला पदर हिरव्या कुळाचा, दुसरा पांढऱ्या कुळाचा, तिसरा पुन्हा हिरव्या कुळाचा, अशी कायमची वाटणी होईल. या शेंड्यातून निघणाऱ्या प्रत्येक पानाची कड पांढरी येईल, कारण कड दुसऱ्या पदराची. आणि मध्यभाग हिरवा येईल, कारण तेथे तिसऱ्या पदराचा अंमल. याउलट पांढरा पदर तिसरा असला तर कड हिरवी आणि मध्य फिकट. पहिला पदर कोणत्या कुळाचा आहे हे पानाच्या रंगावरून बहुधा कळतच नाही, कारण पानाच्या त्वचेत, श्वासरंध्रांच्या कडेच्या पेशी वगळल्या तर, एरवीही हरितद्रव्य जवळजवळ नसते. फुलांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटतो: पाकळीचा रंग पुष्कळदा त्वचेतच साठवलेला असतो, सबब पहिल्या पदरात झालेला फेरबदल पानांवर लपून राहतो आणि फुलांवर प्रकट होतो.

याची रुजुवात घरच्या घरी करता येते. पांढऱ्या कडेचा बेंजामिना फायकस आता सोसायट्यांच्या प्रवेशद्वारांपासून बँकांच्या दालनांपर्यंत सर्वत्र आहे. त्याचे एक पान तोडून सूर्यप्रकाशासमोर धरावे. पांढरा व हिरवा असे दोनच रंग आहेत असे लांबून वाटले होते. जवळून पाहता त्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, राखाडी हिरव्या रंगाचा पट्टा दिसतो, आणि त्याच्या कडा नकाशावरील बेटांच्या किनाऱ्यांसारख्या वेड्यावाकड्या असतात. तेथे वरच्या अंगाला पांढऱ्या कुळाचा थर आहे आणि त्याच्या खालून हिरव्या कुळाचा थर डोकावतो आहे. कोणत्याही दोन पानांवरील नकाशा सारखा नसतो, कारण दोन्ही पदरांतील पेशी प्रत्येक पानात किती वेळा विभागतील याचा काटेकोर हुकूम सुटलेला नसतो. पदरांचा अनुक्रम तेवढा ठरलेला असतो.

हा अनुक्रम बीजातून पुढे जात नाही, आणि माझ्या मते या सबंध विषयातील सर्वांत मनोज्ञ भाग हाच आहे. बीज एका पेशीपासून होते, आणि एका पेशीत दोन कुळे मावत नाहीत. पांढऱ्या कडेच्या जिरेनियमच्या अंडपेशी दुसऱ्या, म्हणजे पांढऱ्या पदरातून येतात. त्या झाडाचा स्वतःशीच संयोग घडवून आणला तर उगवणारी रोपे पांढरीफटक निघतात, बीजातली शिदोरी संपेपर्यंत आठ-पंधरा दिवस तग धरतात आणि उपासमारीने मरतात. तेव्हा पांढऱ्या कडेचे जिरेनियम हे एका अर्थी निपुत्रिक घराणे. ज्या १९०९ साली बाउरने हे मांडले, त्याच साली कार्ल कोरेन्स याने गुलबक्षीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी तर मेंडेलच्या नियमांनाच एक अपवाद जोडला. पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांच्या गुलबक्षीला काही फांद्या निखळ हिरव्या, काही निखळ पांढऱ्या आणि काही चित्रविचित्र येतात. कोरेन्सला असे आढळले की, हिरव्या फांदीवर धरलेल्या बीजातून हिरवी रोपे येतात, पांढऱ्या फांदीवरच्या बीजातून पांढरी, आणि चितकबऱ्या फांदीवरच्या बीजातून तिन्ही प्रकारची. पराग कोणत्या फांदीवरून आणला याने तिळमात्र फरक पडत नाही. बापाचा येथे काही हक्कच नव्हता. याचे कारण पुढे कळले ते असे की, हरितद्रव्य ज्या सूक्ष्म कणांत असते त्या हरितकणांना स्वतःचा वेगळा आनुवंशिक ऐवज असतो, आणि गुलबक्षीसारख्या बहुसंख्य वनस्पतींत तो आईच्या अंडपेशीतूनच मुलाकडे येतो. एका पेशीत सुदृढ व सदोष असे दोन्ही हरितकण असले, तर पेशी विभागताना त्यांची वाटणी असमान होत जाते आणि काही पिढ्यांत एक पेशीकुळ सर्वस्वी हिरवे व दुसरे सर्वस्वी पांढरे होऊन बसते. गुलबक्षीच्या ठिपक्यांमागे ही सावकाश चाललेली वाटणी असते.

बीजाचा मार्ग बंद, तेव्हा ही घराणी टिकतात ती माळ्याच्या चाकूच्या जोरावर. आणि चाकू कोठे लावायचा यावर सारे अवलंबून असते. पिवळ्या कडेचे स्नेक प्लांट घरोघर आहे. त्याच्या पानाचे बोटभर तुकडे करून मातीत रोवले की मुळे फुटतात, कोंब येतात, आणि हौशी मंडळींची घोर निराशा होते, कारण कोंब साधे हिरवे निघतात. दुकानदाराने फसवले, माती वाईट, ऊन कमी पडले, असे नाना तर्क चालतात. वास्तविक त्या तुकड्याला शेंडा नव्हता. नवा कोंब पानाच्या आतील हिरव्या ऊतींतून नव्याने घडला, आणि घडताना त्याने तीन पदरांची जुनी मांडणी सोबत आणली नाही. याच झाडाचा जमिनीतला गड्डा फोडून, त्यावरच्या तयार डोळ्यासह लावला तर पिवळी कड कायम राहते. चक्रासारख्या पट्ट्यांच्या फुलांची जी आफ्रिकन व्हायोलेट मिळतात त्यांचे तेच: पान लावल्यास एकरंगी फुले, बुडाचा फुटवा लावल्यास पट्टे शाबूत. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम बेटसन याने १९१६ मध्ये बुव्हार्डियाच्या एका गुलाबी फुलांच्या जातीची मुळे कापून लावली, तेव्हा त्यांतून लाल फुलांची झाडे उगवली. मुळावरचा डोळा आतल्या ऊतींतून फुटतो. आत लाल कूळ होते आणि त्यावर गुलाबी त्वचेचा पांघरलेला पदर, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बागांत डोळा भरणे, फाटे कलम, गुटी कलम या जुन्या रीतींनी अशी झाडे निर्वेध वाढवता येतात याचे कारण, या सर्व रीतींत तयार शेंडा किंवा तयार डोळा जशाचा तसा उचलला जातो आणि त्याच्या पदरांना धक्का लागत नाही.

तरीही सरहद्द अधूनमधून ओलांडली जाते. पदरातली एखादी पेशी आडवी विभागते, तिची लेक शेजारच्या पदरात जाऊन पडते आणि तेथे आपला वंश वाढवू लागते. मग त्या फांदीपुरता एका कुळाचा सर्वत्र अंमल बसतो. हिरवे कूळ जिंकले तर ती फांदी इतर फांद्यांपेक्षा झपाट्याने वाढते, कारण तिचे प्रत्येक पान कमावते असते, आणि वेळीच छाटली नाही तर दोन-तीन वर्षांत सबंध झाड हिरवे करून टाकते. पांढरे कूळ जिंकले तर हस्तिदंती पानांची एक अप्रतिम फांदी लाभते. हौशी माणसाला ती कापून वेगळी लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. आजवर तिचा निर्वाह शेजारच्या हिरव्या पानांच्या कमाईवर चालत होता, आणि मुळापासून तोडल्यावर ती पाण्याच्या ग्लासात चार पाने सजवून उभी राहील आणि झिजत झिजत जाईल. पांढऱ्या ठिपक्यांच्या मॉन्स्टेराचे कलम घेतानाही पानापेक्षा खोड पाहावे. ज्या पेराच्या डोळ्यालगत खोडावर पांढऱ्या व हिरव्या दोन्ही रेषा आहेत तो डोळा दोन्ही कुळांचा. ज्याच्या भोवतालचे खोड निव्वळ हिरवे त्यातून, वरचे पान कितीही चितकबरे असले तरी, हिरवाच कोंब निघण्याचा संभव अधिक. या ज्ञानाला आता बाजारात मोल आले आहे. २०२१ च्या जून महिन्यात न्यूझीलंडमध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या, जेमतेम नऊ पानांच्या रॅफिडोफोरा या वेलीच्या एका रोपाला लिलावात २७,१०० न्यूझीलंड डॉलर किंमत आली. शोभेच्या झाडासाठी इतके पैसे मोजणाऱ्याला वेडा म्हणण्याचा अधिकार मला नाही, पण त्याने खोडाकडे नीट पाहिले होते की नाही हे विचारावेसे वाटते.

मात्र रंगीबेरंगी दिसणारे प्रत्येक झाड दोन कुळांचे असते असे समजू नये. क्रोटनच्या पानावरील लाल-पिवळी नक्षी किंवा कॅलेडियमचे गुलाबी ठिपके ही एकाच कुळाची कामगिरी आहे. सर्व पेशींचा वारसा एक, फक्त कोणत्या पेशीने कोणता रंग घ्यावा याची आज्ञा वेगवेगळी. पायलियाच्या पानावरचे चंदेरी डाग तर त्वचेखाली कोंडलेल्या हवेचे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या ज्वालारेखी ट्युलिपच्या कंदांसाठी लोकांनी घरेदारे गहाण टाकल्याच्या कथा सांगितल्या जातात, ती फुले वास्तविक आजारी होती: १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डोरोथी केली या विदुषीने तो रंगभेद एका कंदातून दुसऱ्यात संसर्गाने जातो हे दाखवले, आणि मावा या किडीमार्फत पसरणारा विषाणू त्यामागे असल्याचे नंतर निश्चित झाले. काळादाण्याच्या वेलीच्या ज्या पट्टेदार फुलांचे जपानमध्ये एदो काळात वेड होते, त्यांचे मूळ गुणसूत्रांवर जागा बदलणाऱ्या जनुकांत आहे; मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांवरून अशा जनुकांचा शोध लावणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुलाबी पानांचा ‘पिंक काँगो’ फिलोडेंड्रॉन म्हणून जे रोप काही वर्षांपूर्वी महागड्या दराने विकले जात होते, त्याची गुलाबी छटा रोपवाटिकेत केलेल्या रासायनिक उपचाराची होती आणि काही महिन्यांनी येणारी नवी पाने सरळ हिरवी होत. येथे वनस्पतीचा काही दोष नव्हता.

आपल्याकडे या विषयावर जे पद्धतशीर काम झाले त्यात लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे शेवंतीवरील काम महत्त्वाचे आहे. शेवंतीच्या कलमांवर गॅमा किरणांचा मारा केला की फेरबदल घडतो तो एखाद्या पेशीत. परिणामी पुढे येणाऱ्या फुलात शंभर पाकळ्या जुन्या रंगाच्या आणि एखाददुसरी, कधी तर अर्धीच, नव्या रंगाची. तिच्याखालचा डोळा लावून उपयोग नाही, कारण डोळा जुन्या कुळाचा असण्याचीच शक्यता मोठी, आणि मिश्र असला तरी निरोगी जुन्या पेशी किरणांनी पोळलेल्या नव्या पेशींना वाढीत मागे टाकतात. कित्येक सुंदर रंग असे एका हंगामापुरते दिसून नाहीसे झाले असतील. यावर ऊतिसंवर्धनाचा उपाय निघाला: ती एकच पाकळी खुडून, निर्जंतुक करून, तिचे तुकडे पोषक द्रावणावर ठेवायचे आणि तिच्या पेशींतून थेट नवे रोप उगवायचे. स्नेक प्लांटच्या बाबतीत जी गोष्ट हौशी माणसाला रडवते, म्हणजे शेंड्यावाचून फुटलेला कोंब एकाच कुळाचा निघणे, तीच येथे कामी येते.

द्राक्षांचा उल्लेख शोभेच्या झाडांच्या लेखात थोडा अप्रस्तुत ठरेल, पण डोळ्यातील फेरबदलांची गोष्ट महाराष्ट्रात सांगायची आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव टाळायचे हे बरे दिसत नाही. ‘थॉमसन सीडलेस’च्या बागेत वेगळ्या निघालेल्या वेलीवरून तेथे ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आली आणि तिने राज्यातील द्राक्षशेतीचे मोठे क्षेत्र व्यापले. सोलापूर, नाशिककडचे बागायतदारही आपल्या बागेतील प्रत्येक विलक्षण फांदीकडे तेव्हापासून संशयाने नव्हे, आशेने पाहतात. फ्रान्समध्ये ‘पिनो म्यूनिए’ नावाची एक जुनी द्राक्षवेल आहे, जिच्या कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. शेकडो वर्षे ही एक स्वतंत्र जात म्हणून गणली गेली. ऑस्ट्रेलियातील बॉस आणि थॉमस या संशोधकांनी तिच्या पदरांतील पेशी प्रयोगशाळेत वेगळ्या करून प्रत्येकीपासून निराळी वेल वाढवली, आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. आतल्या पदरातून निघाली ती प्रसिद्ध ‘पिनो न्वार’, बिनलवेची. बाहेरच्या पदरातून, म्हणजे निव्वळ त्वचेच्या कुळातून, जी वेल आली ती खुजी, आखूड पेरांची, अंगभर लव असलेली, आणि तणाव्यांच्या जागी फुलोरे धरणारी निघाली. आतल्या कुळाने हा खुजेपणा इतकी शतके दाबून धरला होता. सामान्य द्राक्षवेलीला फळावर यायला दोन-तीन वर्षे आणि मांडव लागतो. ही बुटकी वेल कुंडीत राहते, पहिल्याच वर्षी आणि जवळजवळ बारमाही फुलते, म्हणून द्राक्षावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांतून आता तिच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात.